जास्त कमावणाऱ्याने जास्त कर द्यावा का? आधी 'जास्त' म्हणजे काय ते हिशोबाने बघू



मार्च जवळ आला की बाजारपेठेत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "आता बास. यापुढचं बिल एप्रिलमध्ये, नाहीतर मी वरच्या स्लॅबमध्ये जाईन." गिऱ्हाईक दारात उभं आहे, माल रॅकवर तयार आहे आणि मालक स्वतःच स्वतःच्या धंद्याला ब्रेक लावतोय. शेजारचा दुकानदार म्हणतो, "ज्याच्याकडे आहे त्याने भरावा की कर, आपल्या मागे कशाला?" आणि तिसरा वैतागून म्हणतो, "मेहनत मी करायची, उधारी मी वसूल करायची आणि जास्त कमावलं म्हणून दंडही मीच भरायचा?"

तिघांच्याही बोलण्यामागे प्रश्न एकच आहे. जास्त कमावणाऱ्याने जास्त कर द्यावा का? व्हिडिओत आकडे भराभर पुढे जातात, म्हणून इथे ते सावकाश मांडतो. वही-पेन घेऊन बसा.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. हो, द्यावा. पण तीन अटींवर. पहिली, वाढीव दर फक्त वरच्या कमाईवर लागावा. दुसरी, दर इतका नसावा की लपवणंच परवडेल. तिसरी, सारखी कमाई असेल तर कर सारखा असावा, मग ती कुठल्याही मार्गाने आलेली असो. या तीन अटी आपल्याकडे कितपत पाळल्या जातात, ते आता बघू.

धडा १ : 'जास्त' मोजण्याच्या तीन पद्धती

पहिली पद्धत : सगळ्यांना सारखी रक्कम. याचं उदाहरण तुमच्या फाईलमध्येच आहे. व्यवसाय कर, म्हणजे आपण ज्याला 'पीटी' म्हणतो तो. महाराष्ट्रात हा कायदा १९७५ चा. दुष्काळाच्या काळात सुरू झालेल्या, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला हा कर आणला गेला. शहरातल्या पगारदाराने आणि दुकानदाराने गावाकडच्या मजुराच्या कामासाठी हातभार लावायचा, हा त्यामागचा विचार. विचार चांगलाच होता. पण रक्कम बघा. दुकानदाराला वर्षाला २,५०० रुपये. महिन्याला दहा हजारांच्या वर पगार घेणाऱ्या पुरुष कर्मचाऱ्यालाही अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००च. राज्यघटनेच्या कलम २७६ ने यापेक्षा जास्त घ्यायला बंदी आहे आणि ही मर्यादा १९८८ पासून तीच आहे. म्हणजे तुमच्या काउंटरवरचा वीस हजार पगाराचा मुलगा आणि वीस लाख नफा कमावणारे तुम्ही, दोघांचा व्यवसाय कर सारखा.

दुसरी पद्धत : सगळ्यांना सारखा दर. हे जीएसटीचं गणित. मोबाईलवर १८ टक्के. दुकानात ११,८०० रुपयांचा मोबाईल विकला, तर त्यातले १,८०० कराचे. महिन्याला १५,००० कमावणाऱ्याने तो घेतला, तर त्याच्या महिन्याच्या कमाईतले १२ टक्के कराला गेले. महिन्याला ३ लाख कमावणाऱ्याने तोच मोबाईल घेतला, तर त्याचे अर्धा टक्का आणि वर थोडंसं. बिलावर दर एकच, पण खिशाला लागणारी झळ अगदी उलटी.

तिसरी पद्धत : कमाई वाढेल तसा दर वाढता. हा आपला आयकर. आपल्या देशात तो इंग्रजांनी १८६० मध्ये आणला, १८५७ च्या उठावानंतर रिकामी झालेली तिजोरी भरायला. त्या पहिल्या कायद्यातसुद्धा दर दोन होते : वर्षाला २०० ते ५०० रुपये उत्पन्नावर २ टक्के, ५०० च्या वर ४ टक्के. म्हणजे वरच्याने जास्त द्यावं ही कल्पना आजकालची नाही.

"गरीब कर भरत नाही" असं कुणी म्हणालं, तर त्याला मोबाईलचं बिल दाखवा. आयकर भरत नसेल, पण साबणापासून मोबाईलपर्यंत कर तो भरतोच, आणि कमाईच्या मानाने आपल्यापेक्षा जास्त भरतो. आयकराचा वाढता दर हा या दुसऱ्या बाजूचा तोल सावरण्यासाठी आहे.

धडा २ : स्लॅबची भीती

आता सुरुवातीच्या त्या मार्चवाल्या मालकाकडे या. त्याला वाटतं, स्लॅब ओलांडला की सगळ्या नफ्यावर वरचा दर लागणार. तसं नसतं. स्लॅब म्हणजे एकावर एक ठेवलेले डबे समजा. खालचा डबा भरला की पैसा पुढच्या डब्यात पडतो. वरच्या डब्याचा दर फक्त वरच्या डब्यातल्या पैशाला.

आर्थिक वर्ष २०२५-२६, नवी करपद्धत, एकट्याच्या नावावरचा धंदा. पहिल्या ४ लाखांवर शून्य. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के. ८ ते १२ वर १०. १२ ते १६ वर १५. १६ ते २० वर २०. २० ते २४ वर २५. २४ लाखांच्या वर ३० टक्के. शेवटी करावर ४ टक्के सेस. आणि लक्षात ठेवा, हे सगळं नफ्यावर. गल्ल्यात आलेल्या विक्रीवर नाही.

सेस धरून हिशोब असा येतो :

- नफा १६ लाख : कर १,२४,८००. शंभर रुपयांमागे ७ रु. ८० पैसे.
- नफा २० लाख : कर २,०८,०००. शंभरामागे १० रु. ४० पैसे.
- नफा २४ लाख : कर ३,१२,०००. शंभरामागे १३ रुपये.
- नफा ३० लाख : कर ४,९९,२००. शंभरामागे १६ रु. ६४ पैसे.
- नफा ५० लाख : कर ११,२३,२००. शंभरामागे साधारण साडेबावीस रुपये.

बघा, तीस लाख कमावणारा 'मी तीस टक्क्यांत आहे' असं सांगत फिरतो. त्याचा खरा कर सतरा टक्क्यांच्याही आत आहे. २४ लाखांवर एक लाखाचा जादा धंदा केला, तर सेस धरून ३१,२०० जातील आणि ६८,८०० घरी येतील. गिऱ्हाईक परत पाठवलं, तर ते ६८,८०० शेजारच्या दुकानात गेले. आपण फक्त त्यांना रस्ता दाखवला.

धडा ३ : बारा लाखांपुढचा खड्डा

पण एका ठिकाणी मालकाची भीती खरी आहे, तेही सांगायला हवं. १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेट मिळून कर शून्य होतो. आता नफा १२ लाख ५० हजार झाला समजा. स्लॅबने कर येतो ६७,५००. कायदा इथे थोडी सवलत देतो, ज्याला मार्जिनल रिलीफ म्हणतात : १२ लाखांच्या वर जेवढं कमावलं त्यापेक्षा जास्त कर घ्यायचा नाही. म्हणून कर ५०,०००. त्यावर सेस २,०००. एकूण ५२,०००. म्हणजे पन्नास हजार जास्त कमावून हातात दोन हजार कमीच!

१२ लाख ते साधारण १२ लाख ७० हजार हा पट्टा असा आहे. त्यात वर कमावलेला रुपया न् रुपया करात जातो. त्यापुढे गाडी रुळावर येते. १३ लाख नफ्याला कर ७८,०००, म्हणजे १२ लाखवाल्यापेक्षा २२,००० हातात जास्त.

माझी पहिली अट इथे मोडते. 'वरच्या कमाईवर वाढीव दर' हे न्यायाचं, पण वरची सगळीच कमाई नेणं हे बरोबर नाही. आणि तेही कोणाच्या बाबतीत? नुकताच जरा वर येणाऱ्या दुकानदाराच्या. तुमचा नफा या पट्ट्याच्या आसपास असेल, तर बिलं दाबू नका. खर्चाच्या नोंदी नीट लावा. दुकानाचं भाडं, वीजबिल, पोराचा पगार, फर्निचर-मशिनचा घसारा, कर्जाचं व्याज हे सगळं वहीत आलंय का ते आधी तपासा. बऱ्याच जणांचा खरा नफा तिथेच खाली येतो, आणि तोही शंभर टक्के कायद्यात राहून.

धडा ४ : मग सारखा दर का नको?

"सरळ सगळ्यांना दहा टक्के लावा. पन्नास लाखवाला पाच लाख देईल, पाच लाखवाला पन्नास हजार. जास्त कमावणाऱ्याने जास्त दिलेच की!" हा मुद्दा टाकाऊ नाही. हिशोब सोपा होईल, सीएची फी वाचेल.

पण पाच लाखवाल्याच्या घरात पन्नास हजार म्हणजे काय? दोन मुलांची शाळा आणि क्लासची फी, किंवा आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. पन्नास लाखवाल्याच्या घरात पाच लाख गेले, तर कदाचित गाडीचं मॉडेल खालचं येईल. टक्का सारखा असला तरी वजन सारखं नाही.

दुसरी गोष्ट, सरकारी व्यवस्थेचा वापर. टपरीवाल्याला रस्ता लागतो, पण ज्याचे चार ट्रक रोज महामार्गावर पळतात, ज्याचा माल न्हावा शेवा बंदरातून येतो, ज्याचे चेक बाउन्स झाल्यावर कोर्टात दावे चालतात, त्याला हीच व्यवस्था कितीतरी जास्त कामाला येते.

आपल्या पेठेत हे आपण न शिकवता करतो. गणपतीची वर्गणी मागायला पोरं येतात, तेव्हा चहाच्या टपरीवर ५१ ची पावती फाडतात आणि सोन्याच्या पेढीवर ५,००१ ची. पेढीवाला कुरकुरतो, पण टपरीवाल्याएवढीच पावती फाडा असं म्हणत नाही. आपली ऐपत किती, हे त्याला माहीत असतं.

धडा ५ : वर्गणी अति झाली की शटर खाली

पण समजा, मंडळाची पोरं पेढीवाल्याला म्हणाली, "महिन्याचा अर्धाअधिक नफा द्या." काय होईल? वर्गणीच्या दिवशी शटर खाली. "मालक गावाला गेलेत."

देशपातळीवर हे घडून गेलंय. १९७३-७४ मध्ये आयकराचा वरचा दर, अधिभार धरून, ९७.७५ टक्के होता. दोन लाखांच्या वर कमावलेल्या शंभर रुपयांतले २ रुपये २५ पैसे मालकाला! मग लोकांनी काय केलं? कच्ची वही आणि पक्की वही. न्यायमूर्ती वांच्छू यांच्या समितीने १९७१ च्या अहवालातच सांगितलं होतं की चढे दर हे करचुकवेगिरीचं मोठं कारण आहे. पुढे दर टप्प्याटप्प्याने खाली आले आणि १९९७ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी वरचा दर ३० टक्क्यांवर आणला. तो आजही तिथेच आहे. ५० लाखांच्या वर अधिभार लागतो, आणि नव्या पद्धतीत २ कोटींच्या वर अधिभार आणि सेस मिळून शेवटच्या रुपयावर ३९ टक्के कर बसतो.

संपत्ती कराचंही तसंच. १९५७ पासून होता. २०१५ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटली यांनी तो बंद केला, तेव्हा त्यातून वर्षाला जेमतेम १,००८ कोटी येत असल्याचं सांगितलं गेलं. त्याऐवजी एक कोटीच्या वर कमावणाऱ्यांचा अधिभार २ टक्क्यांनी वाढवला. श्रीमंताकडून जास्तच घ्यायचं होतं, फक्त वसूल होईल अशा सोप्या वाटेने. माझी दुसरी अट हीच. दर असा हवा की प्रामाणिकपणे भरणाऱ्याला रात्री झोप लागेल आणि धंदाही वाढवावासा वाटेल.

धडा ६ : नफा सारखा, कर वेगळा

आता तिसरी अट. माझ्या मते आजचा खरा प्रश्न इथे आहे, आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. ३० लाखांची कमाई घ्या आणि फक्त ती कुठून आली ते बदला.

- एकट्याच्या नावावरचा धंदा : वर बघितलं, ४,९९,२००.
- भागीदारी फर्म : फर्मला स्लॅबच नाही. पहिल्या रुपयापासून ३० टक्के. भागीदारांनी मेहनताना घेतला नाही, तर ३० लाखांवर सेससह ९,३६,०००.
- कंपनी, २०१९ ला आलेला २२ टक्क्यांचा पर्याय घेतलेली : अधिभार आणि सेससह ७,५५,०४०. मालकाने लाभांश काढला की त्याच्या हातात त्यावर पुन्हा कर.
- शेअर बाजारातला दीर्घ मुदतीचा नफा : सव्वा लाखाच्या वरच्या रकमेवर साडेबारा टक्के. दुसरी कमाई नसेल, तर पावणेचार लाखांच्या आतच.
- शेतीचं उत्पन्न : आयकर शून्य.

कोरडवाहू दोन एकरवाल्याला सूट मिळते याबद्दल तक्रार नाही. सूट नसती, तरी तो चार लाखांच्या मर्यादेखालीच राहिला असता. पण सूट जमीन किती आणि कमाई किती हे बघत नाही, त्यामुळे तिचा मोठा फायदा मोठ्यालाच होतो. आणि शेअरवाला? त्याने जोखीम घेतली हे खरं. पण सकाळी आठला शटर उघडून रात्री दहाला बंद करणाऱ्यानेही जोखीमच घेतलेली असते. त्याच्या वरच्या रुपयाला तीस आणि याच्याला साडेबारा, याचं समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

म्हणून 'श्रीमंतांवरचे दर वाढवा' असं कुणी म्हणालं की मी विचारतो, कुठल्या कमाईवरचे? फक्त स्लॅबचे दर वाढवले, तर भार पडणार वहीत नफा दाखवणाऱ्या दुकानदारावर, डॉक्टरवर, वरच्या पगाराच्या नोकरदारावर. ज्याची कमाई स्लॅबच्या बाहेरून येते, त्याला धक्काही लागणार नाही. आधी दारं सारखी करा, मग दर वाढवायचे की नाही ते बोलू.

धडा ७ : हे सगळं कळलं, आता दुकानात काय करायचं?

१. बिल थांबवू नका. १२ ते १२.७० लाखांचा पट्टा सोडला, तर जास्त धंद्याने हातात जास्तच पैसा राहतो.

२. नफा लपवण्याची खरी किंमत मोजा. कर्ज मागायला गेलात की बँक मागची काही वर्षांची रिटर्न मागते. कर वाचवायला वहीत १५ लाखांऐवजी ६ लाख दाखवले, तर बँकेच्या नजरेत तुमचा धंदा सहा लाखांचाच. १५ लाखांवर कर होता १,०९,२००. तेवढ्यासाठी दुसऱ्या दुकानाचं कर्ज हातचं गेलं आणि खाजगी सावकाराकडे महिना दोन-तीन टक्क्यांनी जावं लागलं, तर दहा लाखांवर वर्षाचं व्याजच २ लाख ४० हजार ते ३ लाख ६० हजार. शिवाय नोटिशीची टांगती तलवार वेगळीच.

३. भागीदारी असेल तर करारनामा काढून वाचा. त्यात भागीदारांच्या मेहनतान्याचं कलम आहे का? दोघा भावांच्या फर्मला ३० लाख नफा आहे समजा. कायद्याच्या मर्यादेत, म्हणजे पहिल्या ६ लाखांच्या ९० टक्के आणि उरलेल्याच्या ६० टक्के, एकूण १९ लाख ८० हजार मेहनताना घेता येतो. मग फर्मकडे १० लाख २० हजार उरतात आणि त्यावर कर ३,१८,२४०. दोघांकडे प्रत्येकी ९ लाख ९० हजार येतात. दुसरी कमाई नसेल, तर रिबेटमुळे त्यावर कर शून्य. नफ्याचा उरलेला वाटा त्यांच्या हातात पुन्हा करपात्र नसतो. कलम नसलं तर ९,३६,०००. फरक सहा लाखांच्या वर! हे आजच सीएला विचारा.

४. वर्षाला एकदा स्वतःचा खरा टक्का काढा. भरलेला एकूण कर भागिले नफा, गुणिले शंभर.

आजचा गृहपाठ : तुमचा खरा टक्का काढा. मग दुकानातल्या सगळ्यात कमी पगाराच्या माणसाच्या महिन्याच्या खरेदीची बिलं त्याच्या परवानगीने घेऊन बसा आणि त्यातला जीएसटी त्याच्या पगाराशी ताडून बघा. दोन्ही आकडे एकाखाली एक लिहा. जास्त कमावणाऱ्याने जास्त द्यावा का, याचं तुमचं उत्तर त्यानंतर ठरवा. ते माझ्यापेक्षा वेगळं निघालं तरी चालेल, पण ते आकड्यांवर उभं असेल.

पुढच्या भागात खर्चाच्या नोंदी : कुठला खर्च धंद्याचा, कुठला घरचा. तोपर्यंत पक्की बिलं फाडत राहा.